गुलाबी पूर

मित्रांनो, मी एक जुना प्लॉटर आहे. नाव ऐकून बिचकू नका. चादरीएवढ्या कागदावर नकाशे छापणे, एवढेच माझे काम. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवते ते मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात, आमच्या गावी, नागरी संरक्षण कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलो तो दिवस. चौघे मला जिन्यावरून गंभीर चेहऱ्याने वर चढवत होते. आमचे साहेब, बासिलिओ, वरून ओरडले, "अरे, शवपेटी नाहीये ती! जरा हसत आणा!"

आमचा मुलूख पाण्याचा. ग्रिहाल्वा नदी फुगली की कुरणांची तळी होतात. अशा वेळी आकाशातला उपग्रह ढगांच्या आरपार बघून पाणी कुठवर पसरले ते टिपतो. आमच्या कार्यालयातली रोसाउरा त्या चित्राचा नकाशा तयार करायची आणि मी तो कागदावर उतरवायचो. होडीवाले, ट्रकवाले, डॉक्टर, सगळे माझ्या पुढ्यात ताटकळत. बासिलिओसाहेब पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग आपली केबिन. खोटे कशाला सांगू, मी थोडा फुशारलोही होतो.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. नकाशे फोनवर दिसू लागले. माझ्या पाठीवर आधी कॉफीचे कप आले, मग ओले रेनकोट, शेवटी नाताळच्या सजावटीची खोकी. आत शाई सुकत गेली. कुणाला पत्ता नव्हता.

आणि एका ऑक्टोबरात नदीने बांध फोडला. मोबाइलचे मनोरे गप्प झाले. एल काराओ नावाच्या वस्तीत त्या दिवशी लग्न होते. नवरा-नवरी, वऱ्हाड, वाजंत्री, सगळे शाळेच्या छपरावर अडकले. वस्तीतल्या वायरलेसवरून तेवढा निरोप आला आणि मग तो वायरलेसही बंद पडला.

छतावरच्या डिशमधून उपग्रहाचे सकाळचे चित्र तेवढे आले. रोसाउराने माझ्यावरची खोकी बाजूला सारली. कोमट पाणी आणि कापूस घेऊन ती माझी शाईची तोंडे पुसू लागली. "उठ रे राजा," ती पुटपुटत होती, "नंतर हवं तेवढं रुस."

मी जीव खाऊन प्रयत्न केला. पण काळी शाई सुटेना, निळीही नाही. वाहू लागली ती फक्त गुलाबी.

"मग गुलाबी तर गुलाबी," रोसाउरा म्हणाली. तिने सगळा पूर गुलाबी केला आणि मी तो छापला.

होडीवाले नेरेओकाका नकाशा बघून दचकलेच. "हे काय? पूर आहे की लग्नाची पत्रिका?"

"काका, चेष्टा नंतर. नदीतून जाऊ नका, तिथे ओंडके वाहतायत. हे बघा, मागच्या कुरणांतून थेट शाळेपर्यंत पाणी पसरलंय. पसरलेलं पाणी, म्हणजे ओढ कमी."

काकांनी जाड बोट ठेवले. "पण पोरी, या कुरणांना काटेरी तार आहे. पाण्याखाली दिसायची नाही. होडीचा पंखा अडकला की आपण पण छपरावर."

रोसाउराचा चेहरा उतरला. उपग्रहाला तार दिसत नाही. काकांनी पेन्सिल मागितली. "गुरांचं फाटक इथे, दुसरं इथे. दोन्ही फाटकांतून गेलो तर जमेल. पण तुझं पाणी तिथे आहे ना?"

"सकाळी होतं," ती हळूच म्हणाली. "आता असेलच, असं छातीठोक नाही सांगता येत."

"मग तू पण चल. चुकलो तर रागवायला माणूस जवळ हवं!"

बाकीच्या होड्या काकांच्या मागे निघाल्या. नकाशा गुंडाळून, हातातला छोटा वायरलेस घेऊन तीही गेली. मी मागे राहिलो. बासिलिओसाहेब वायरलेसपाशी बसले होते, खरे तर बसतच नव्हते. यंत्रातून नुसती खरखर येत होती. मी छापलेली एक रेघ जरी सरकली असेल तर? मित्रांनो, यंत्रालाही धाकधूक होते, मी अनुभवाने सांगतो.

दुपार कलली तेव्हा खरखरीतून ढोल ऐकू आला. मग बासरी. मग काकांचा आवाज, "साहेब, पोचलो! सगळे सुखरूप! पण हे लोक आधी जेवा म्हणतायत! छपरावर मक्याच्या तामालेंचं पातेलं आहे, अजून गरम!"

"नेरेओ, आधी माणसं आणा!"

"आणतो हो. नवरीची आजी म्हणते पातेलं पहिल्या होडीत!"

संध्याकाळी सगळे आमच्याच इमारतीत आले. मी प्रथमच नवरी बघितली. पावसात रोसाउराने तिच्या डोक्यावर नकाशा धरला होता आणि माझी शाई ओघळून पांढऱ्या झग्यावर खांद्यापासून गुलाबी ओहोळ उतरले होते. रोसाउरा कानकोंडी होऊन माफी मागू लागली. नवरी हसली. "राहू दे गं. पांढरे झगे सगळ्यांचेच असतात!" लग्न तिथेच, तळमजल्यावर लागले. ढोल इतका घुमला की माझा पत्रा थरथरला.

आता मी गावातल्या शाळेत असतो. माझी काळी शाई पुन्हा वाहते. दर सोमवारी मुले मला थोडे चालवतात आणि पावसाआधी घरोघरी द्यायचे नकाशे छापतात. पण बाई नकाशा नुसता भिंतीवर लावू देत नाहीत. तो हातात देऊन मुलांना, पुरात आसरा घ्यायचा त्या टेकडीपर्यंत पायी नेतात. कुठे तार आहे, कुठे फाटक, ते मुलेच त्यावर काढतात.

मित्रांनो, तुम्हीही तुमच्या गावाचा नकाशा घेऊन एकदा उंचवट्यापर्यंत चालून या. आणि एखादे यंत्र आज नको झाले, तरी अधूनमधून त्याची विचारपूस करा. गरज काही सांगून येत नाही. आणि ती येते तेव्हा कुणीतरी छपरावर उभे राहून वाट बघत असते.