फुंकरबाबांची बरणी

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबांनी कापड बांधलेली बरणी उंच धरली. आत माशीचे तपकिरी कोष, आठवडाभर सगळ्यांच्या देखत बंद.

"माशी म्हणजे रोग," बाबा म्हणाले. फुंकरीला तंबाखूचा वास होता. "मी फुंकलं, रोगाचं सोनं झालं. आता गोळ्या गटारात टाका."

बरणीत माशी एकही नव्हती. मोहरीहून बारीक, हिरवट सोनेरी जीव तुरुतुरु पळत होते. बायांनी हात जोडले.

शिवणवालीनेही जोडले. तिच्या चिमीचं क्षयाचं औषध अर्ध्यावर आलं होतं आणि गोळ्यांनी पोर ओकून बेजार व्हायची. तरी तिने थोरल्या भावाला विचारलं. तो प्रयोगशाळेत माश्यांवरच काम करायचा.

"दादा, खरं का रे हे?"

दादा चष्मा पुसत राहिला. "डोळ्यांनी पाहिलंस ना?"

तिने गोळ्या बंद केल्या.

बाबांनी प्रसाद म्हणून रिकामे कोष वाटले. खोकत खोकत चिमीने एक भिंगाखाली धरला. "आई, माशी निघते तेव्हा कोषाचं टोक टोपणासारखं उघडतं, मामानेच दाखवलंय. याला तर कडेला भोक आहे, कुरतडलेलं."

शिवणवाली तडक प्रयोगशाळेत गेली. फळीवर तशाच बरण्या. तोंडाला तीच कापडं, तिनेच दादाला कडा दुमडून दिलेली.

"बोल," ती म्हणाली.

"गांधीलमाशीच्या कुळातला किडा आहे तो," दादा पुटपुटला. "मादी कोषाला भोक पाडून आत अंडी घालते. अळ्या माशीला खातात आणि माशीच्या जागी हेच कोष कडेने कुरतडून बाहेर पडतात. तसे कोष मीच देत होतो. बाबांचे भक्त प्रयोगशाळेला जागा देणार होते गं. गोळ्या बंद कर असं मी कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंस. मी विचारायला आले तेव्हा चष्मा पुसलास."

पुढच्या बैठकीला तिने दादाला सगळ्यांसमोर उभं करून हेच वदवलं. मग बाबांपुढे दुसरी बरणी ठेवली. कोष होते तसेच, फक्त किड्याने न टोचलेले. बाबांनी गाल फुगवून फुगवून फुंकलं. दोन-तीन दिवसांत आतून निघाल्या काळ्या, भणभणणाऱ्या माश्या. बाबांनी गाव सोडलं.

चिमीचा औषधोपचार डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरू केला आहे. दादा फळं घेऊन येतो, दारातच उभा राहतो. शिवणवाली पिशवी घेते, आत ये म्हणत नाही.

बायांनो, बाबाला 'कशावरून?' विचारणं सोपं आहे, तो परका असतो. घरच्या शहाण्यालाही विचारा. आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी सोडू नका, मग सांगणारा कितीही आपला असो.