त्याला ताप मिळाला

विमलाचं पत्र आलं ते भाद्रपदात. आता फाल्गुन लागला, तरी विष्णुपंतांच्या हातून त्याला उत्तर गेलं नव्हतं. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं; पण पत्र त्यांना तोंडपाठ होतं. आंघोळीचा तांब्या डोक्यावर उपडा करताना, पानावर बसताना, स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू येताना त्यातली एकच ओळ कानात वाजायची : ‘गुरुजी, गेट म्हणजे मिळणे असं तुम्ही वर्गात सांगितलं होतं. मी तेच लिहिलं.’

विमला ही पोखर्णीच्या काशीनाथ पुजाऱ्यांची लेक. पंतांच्या हाताखाली इंग्रजी शिकली. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, तेव्हा राणीसावरगावला दिराच्या घरी चुलीपुढे जन्म काढण्यापेक्षा तिने वालूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि मॅट्रिकला बसली. सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. भाषांतराचं वाक्य आलं होतं, ‘ही गॉट अप, गॉट वेट, गॉट होम अँड गॉट फीव्हर.’ एक माणूस उठला, भिजला, घरी पोचला आणि त्याला ताप आला, एवढीच गोष्ट. विमलाने लिहिलं, ‘त्याला वर मिळालं, ओलं मिळालं, घर मिळालं आणि ताप मिळाला.’

पत्राच्या शेवटी तिने विचारलं होतं, ‘गेट या शब्दाचे एकूण अर्थ किती? मार्चमध्ये पुन्हा बसणार आहे. तेवढे कळवावेत.’

पंत स्वतः इंग्रजी शिकले ते उर्दूतून. निजामाच्या अमलात दुसरी वाटच नव्हती. त्यांच्या उस्तादांनी फळ्यावर गेटपुढे ‘मिलना’ लिहिलं, ते पंतांच्या वहीत उतरलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, उर्दूची शाळा मराठी झाली, तेव्हा पंतांनी त्याच वहीतल्या ‘मिलना’चं ‘मिळणे’ केलं आणि निवृत्त होईपर्यंत पोरांकडून घोकून घेतलं. स्वतः वाचताना कधी अडलं नाही; अर्थ आपोआप लागायचा. मग वर्गात एकच का सांगितला? या प्रश्नापाशी आले की पंत उठून अंगणात फेऱ्या मारायचे.

उत्तर द्यायचं तर पुरतं द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पाठकोऱ्या लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एक अर्थ. दसऱ्यापर्यंत चाळीस झाल्या. दिवाळीला सत्तर. आता संपलं म्हणून लेखणी ठेवावी, तर कोशात नाही तर एखाद्या जुन्या वर्तमानपत्रात नवाच उपयोग दात विचकायचा. चिठ्ठ्यांनी बिस्किटांचा डबा भरत आला.

त्यांच्या पत्नीने, अंबिकाबाईंनी एकदा डबा उचलून पाहिला. “अहो, गेट म्हणजे रेल्वेचं फाटकच ना? त्यात एवढं शोधायचं काय?”

“ते वेगळं.”

“मग एकशे चव्वेचाळीस लिहा,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चिठ्ठ्या तेव्हा एकशे त्रेचाळीस होत्या. बाईंनी मोजल्या कधी, याचाच पंतांना अचंबा वाटला.

फाल्गुनातल्या त्या सकाळी काशीनाथ पुजारी दारात उभे राहिले. बाजाराच्या कामाने परभणीला आले होते. हातात नरसिंहाचा प्रसाद, चेहरा ओढलेला.

“गुरुजी, विमलला तुमचं पत्र पोचलंच नाही. टपालात गहाळ झालं म्हणते. ‘गुरुजी लिहिणार नाहीत असं होणारच नाही, बाबा,’ असं म्हणते.”

खरं बोलायला ती वेळ चांगली होती. पण पंत म्हणाले, “टपालाचं काय सांगावं... आज पुन्हा धाडतो.”

“धाडाच. परीक्षेला बारा दिवस राहिलेत. आपला भाग मुंबई राज्यात गेल्यापासून शाळेत नवा नियम आलाय. जूनपर्यंत मॅट्रिक नसेल तर घरी. अन् घरी म्हणजे दिराकडं. त्यानं निरोपही धाडलाय, वहिनीला जात्यापाशी जागा करून ठेवलीय म्हणून.” काशीनाथ हसायला गेले, पण जमलं नाही. “माझ्याकडं ठेवीन म्हणलं तर ती म्हणते, बाबा, देवळाच्या नैवेद्यावर किती जणं जगायची?”

ते गेल्यावर अंबिकाबाई आतून बोलल्या, “बिचाऱ्या टपालवाल्याच्या नावानं बिल फाडलंत की!”

पंत डबा घेऊन ओटीवर बसले आणि चिठ्ठ्या मोठ्या कागदावर उतरवू लागले. अकराव्या चिठ्ठीला शंका आली. एकोणिसाव्या चिठ्ठीचा अर्थ चौदाव्यासारखाच वाटला. वेगळा म्हणावा की तोच? पुन्हा कोश. पुन्हा अंगणात फेऱ्या. उन्हं वर चढली तरी तिसावरून गाडी हलेना. आणि समजा हलली, तरी बारा दिवसांत पोरीने एकशे त्रेचाळीस अर्थ घोकायचे? परीक्षेत एकशे चव्वेचाळिसावाच आला तर?

इतक्यात केवळाबाई धनगरीण दाराशी आली. पंतांच्या पोटासाठी ती रोज शेळीचं दूध घालायची. आज शेळीच सोबत आणली होती.

“लय येळ लागला बघा मास्तर. वाटंत करडाला काटा लागला. त्येचं बघावं तर हिला तान्ह लागली, ही हटून बसायला लागली. मलाबी ऊन लागलं. काल आले तर तुमचं दार लागल्यालं. काकू हायत का?”

“आत आहेत.”

“आन् तुमी काय लिवायलाव येवढं? तोंड उतरलंय. जेवन लागंना का?”

पंतांची लेखणी थांबली. इतके महिने मोजायची सवय जडलेली. त्यांच्या बोटांनी आपसूक मोजलं. सात.

“केवळाबाई, लागणे म्हणजे काय?”

“म्हंजी?”

“आत्ता सात वेळा म्हणालात. काटा लागला, तहान लागली, दार लागलं... दर वेळी निराळं. हे सगळे अर्थ तुम्हाला शिकवले कुणी?”

केवळाबाईने शेळीकडे पाहिलं, मग पंतांकडे. “काकू, ओ काकू! भाईर या. मास्तरांना ऊन लागलंय!”

“आठ,” पंत म्हणाले.

“आता गरिबानं बोलायचं बी मोजून व्हय? काटा म्हनलं की पायाला लागतोय, दार म्हनलं की चौकटीला लागतंय. त्येला कशाला शिकवनी? बाजूचं काय हाय त्ये बघायचं की.”

ती कासेला हात घालून धार काढू लागली. अंबिकाबाई तांब्या घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे पाहून उभ्याच राहिल्या. पंत पुन्हा उठले होते. पण या खेपेला अंगणात न जाता त्यांनी आतून कोरा कागद आणला.

‘चि. विमला हिस अनेक आशीर्वाद,’ त्यांनी लिहिलं. ‘तुझं पत्र भाद्रपदातच मिळालं. टपालाचा दोष नाही. मी उत्तर लिहिलंच नव्हतं, आणि तुझ्या वडिलांशी आज खोटं बोललो. गेट म्हणजे मिळणे हे मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. तुझ्या वाक्यातली चूक माझी आहे.

‘अर्थ किती ते मला मोजता आले नाहीत. तू मोजू नकोस. आपल्याकडे काटा लागतो, भूक लागते, झोप लागते, दार लागतं. हे आपण पाठ केलेलं नाही. शेजारचा शब्द बघतो, तसंच तिथे कर. गेटच्या पुढे फीव्हर दिसला की तापाला आपण घरात काय म्हणतो ते आठव. तेच लिही.’

खाली वीस वाक्यं घातली, उत्तरांशिवाय. सोडवून उलट टपाली पाठव, तपासून त्याच दिवशी परत धाडतो, असं लिहिलं. ‘त्याच दिवशी’ खाली रेघ ओढली. मग कागदाकडे पाहत बसले. एवढंच? एका धनगर बाईच्या बोलण्यावरून? सहा महिन्यांनी पोरीला असलं चिठोरं धाडायचं?

“अहो,” अंबिकाबाई म्हणाल्या, “डाक दोनला निघते.”

पंत टोपी घालून निघाले. ऊन रणरणत होतं. चालता चालता दोनदा थांबले. एकदा पाकीट उघडून सतरावं वाक्य अवघड तर नाही ना, ते पाहिलं, आणि एकदा नुसतेच थांबले. पोस्टात खिडकीजवळ जाऊन विचारलं, “वालूरला कधी पोचेल?”

“परवा.”

“आणि आजची डाक?”

“पिशवी बांधायलोय, गुरुजी. टाकायचं तर टाका.”

पंतांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि नेमका तेव्हाच एक उपयोग आठवला, डब्यात नसलेला. एकशे चव्वेचाळिसावा. चांगला होता. परीक्षेत येण्यासारखा. हात आपोआप मागे आला. खिडकीतला कारकून पिशवी घेऊन पेटीकडे यायला निघाला होता. पंतांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडून दिलं.