खुर्ची झोपली तेव्हा

लेकीच्या लग्नाच्या सकाळी बॅप्टिस्ट अंकल सूट घालून मसाजच्या खुर्चीत टेकले आणि मसाज चालू असताना, पाय पट्ट्यांत आवळलेले असतानाच खुर्ची झोपली. मोटर थांबली आणि पट्ट्या सुटेनात.

वालीवच्या एका कारखान्यानं ती त्यांना वापरून पाहायला दिली होती. तिचं सॉफ्टवेअर लिहिणारी विनिता फोन येताच लॅपटॉप घेऊन धावत आली. वायर जोडून पाहिल्यावर ती ओशाळली.

"अंकल, सॉफ्टवेअरमध्ये दोन कुलपं आहेत, ज्याच्या हातात कुलूप त्यालाच ती गोष्ट वापरता येते. मोटर चालवणाऱ्या भागानं मोटरचं कुलूप धरलंय आणि तो विजेचं मागतोय. वीज वाचवायला खुर्ची झोपवणाऱ्या भागानं विजेचं धरलंय आणि तो मोटरचं मागतोय. कुणीच सोडत नाहीये."

"मग बंद करून चालू कर ना," अंकलची बायको फ्लॉसी म्हणाली.

"चालू झाली की पायांचं माप घ्यायला ती आधी पट्ट्या पूर्ण आवळते, आंटी."

शेजारी कटर घेऊन आले. पट्ट्या लोखंडी होत्या. ठिणगीनं सूट जळेल म्हणून अंकलनी त्यांना परत पाठवलं. खुर्ची बॅटरीवर चालायची, म्हणून चर्चची वेळ झाली, तसं त्यांना खुर्चीसकट टेम्पोत चढवलं.

चर्चमध्ये ब्रिटनी बापाचा हात धरून निघाली. चौघे खुर्ची ढकलत होते आणि लॅपटॉपची वायर ताणली जाऊ नये म्हणून विनिता वाकून बाजूनं चालत होती. पाहुण्यांना वाटलं, अंकलना अर्धांगवायू झाला. दोघी-तिघी रडायला लागल्या.

"मी बरा आहे," अंकल प्रत्येकीला सांगत होते. "कुलपांचा घोळ आहे."

वेदीपाशी पोचल्यावर विनिताला वाट सापडली. झोपवणाऱ्या भागाला तिनं खुर्ची झोपवायचा बेत रद्द करायला लावला. त्यानं विजेचं कुलूप सोडलं, मोटरच्या भागानं ते उचललं आणि खुर्ची जागी झाली. मसाज थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

"बंद करू?" विनितानं हळूच विचारलं.

"नको. परत झोपली तर? होऊ दे पूर्ण."

फादर पुस्तक मिटून उभे राहिले. घरघर चालू असतानाच अंकलनी जावयाचा हात धरला. "मे-मेलरॉय, मा-माझ्या पोरीला सां-सांभाळ." त्या थरथरत्या आवाजानं बायका पुन्हा रडल्या. मग पट्ट्या सुटल्या, अंकल उठले, आणि लग्न रीतसर लागलं.

रिसेप्शनला एका कोपऱ्यात खुर्चीशेजारी बसून विनितानं दोन्ही भागांना एकच नियम घातला: आधी विजेचं कुलूप घ्यायचं, मग मोटरचं. आता खुर्चीत बसून ते तपासायला कुणीतरी हवं होतं.

फादर बसले.