भातासाठी योग्य

लोकांची माती तपासणं हे माझं काम आणि नातेवाइकांची माती तपासणं हा डोक्याला ताप. परळला जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या टॉवरमागे आमची खासगी लॅब आहे. गेल्या महिन्यात माझे चुलते रामदासकाका महाडजवळच्या गावाहून थेट तिथे येऊन उभे राहिले. हातात तोंड बांधलेली कापडी पिशवी. आत नदीकाठच्या शेतातली माती.

त्या शेतात काकांचा जीव अडकलेला. पुराने त्यावर रेती आणून टाकली, तेव्हापासून चार वर्षं तिथे भात नाही. एक वीटभट्टीवाला जागेसाठी मागे लागला होता. काकांचा मुलगा अभय लालबागला दुकानात कामाला. त्याने बापाला सरळ सांगितलं होतं, "दीपिकाने लॅबमधून लिहून दिलं की भात येतो, तर मी गावी येतो. नाहीतर देऊन टाका भट्टीला."

मी सगळ्या चाचण्या केल्या. माती सुरेख होती. रेती नावापुरती, चिकण भरपूर, पाणी धरून ठेवणारी. एवढ्या पुरानंतर अशी माती राहिलीच कशी, हे मनात आलं होतं. पण मला हाच निकाल हवा होता, म्हणून मी गप्प बसले. अहवालावर 'भातासाठी योग्य' लिहून सही ठोकली. फोनवर अहवालाचा फोटो बघून अभयने त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

काल काका मूळ कागद न्यायला आले. लॅबखालच्या टपरीवर चहा पिताना मी सहज विचारलं, "काका, माती किती खोलवरची काढलीत?"

"हातभर. चार पाट्या उपसल्या तेव्हा कुठे ती पिशवी भरली."

"चार पाट्यांची एक पिशवी?"

"तुझी काकू दोन दिस बसली ना. पिठाच्या चाळणीतून चाळलीन सगळी. मुंबईला तांदूळ धाडतो तो पण निवडून धाडतो, मग माती काय तशीच धाडायची? हापिसात तुझं नाव खराब झालं असतं, बाय."

माती तर आम्हीही चाळतो, पण आमच्या चाळणीची भोकं मोठी, तिच्यातून रेती खाली उतरते आणि मोजली जाते. काकूच्या चाळणीने ती आधीच उकिरड्यावर गेली होती. मला काकूचा राग आला, मग स्वतःचा जास्त. परक्या माणसाला मी माती कशी आणायची ते दोनदा समजावून सांगते. काका घरचे, म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. शेतात बहुतेक रेतीच आहे, पाणी ठरणार नाही, माझी सही चुकली, अभयला आजच सांगायला हवं.

"चाळलेल्या मातीत भात येतो, हे तरी खरं ना?" त्यांनी विचारलं.

"ते खरं आहे."

"मग चाळू," काका म्हणाले. "अभय येतोच आहे. तो, मी नि तुझी काकू, तिघं बसू."

शेत दोन एकर आहे.