वांग्याच्या वाडीतली आण

आमच्या लेकीचं, वर्षाराणीचं लग्न झालं त्या वर्षी लोक येता-जाता माझ्या वाडीतली वांगी तोडायचे. मी वाडीतून कामरगावच्या रस्त्याला निघणाऱ्या पायवाटेवर बाभळीचे काटे टाकले आणि पारावर सगळ्यांसमोर आण घातली, "काटे हलवन त्याले त्याच्या लेकराची आण!" आण मोडली तर लेकरू दगावतं, असं आमच्याकडे मानतात.

कामरगावच्या रस्त्यावर मिशनचा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टर लुर्दनं मला म्हातारपणी अक्षरं शिकवली. ती म्हणाली, "सोजरबाई, शेत तुमचं. पण देवानं जमीन सगळ्यांच्या भल्यासाठी दिली आहे. अडलेल्याची वाट बंद करू नका."

"तुमच्या येशूचा कायदा मले कायले सांगता?"

"हा आमच्यापुरता नाही. देवानं तो प्रत्येकाच्या मनात लिहिलाय. तुम्हालाही कळतंय, म्हणून तर चिडताय."

मी काटे काढले नाहीत.

मग शेजारच्या चंपतच्या लेकीला, राधिकेला, शेतात तण निंदताना साप चावला. तिला खांद्यावर घेऊन चंपत काट्यांपर्यंत आला, थांबला, आणि नाल्याच्या लांबच्या वाटेनं दवाखान्याकडे धावला.

"काटे तुडवून काहून नाही गेला रे?" मी नंतर त्याला रडत विचारलं.

"काकू, तिचीच आण होती ना."

राधिका दहा वर्षांची होती. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती दवाखान्याच्या दारात वारली.