उशाशी दोन दिवे

सौर वीज बसवणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत बजावते. लोक इस्त्री लपवतात, मिक्सर विसरतात, आणि ढगाळ दिवशी बॅटरी संपली की माझ्याच नावाने खडे फोडतात. या वेळी गिऱ्हाईक माझी आई होती, म्हणून मी आवाज जरा जास्तच चढवला.

तिने शहरातल्या फ्लॅटला कुलूप लावून विजेच्या खांबांपलीकडे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. "वीज पुरेल असं तू म्हणालीस तरच मी इथे राहीन," असं तिने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे तिचा बाडबिस्तरा माझ्या हिशोबावर अडला होता. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू! घरात आजवर कुणी माझं इतकं ऐकलं नव्हतं.

पत्र्यावर दोन पॅनेल चढवून मी खाली आले. भिंतीवर कंट्रोलर आणि इन्व्हर्टर शेजारी शेजारी बसवले, बॅटरी फळीवर ठेवली आणि तिच्या अगदी जवळ फ्यूज घातला. माझ्या जोडणीला कुणी नाव ठेवून दाखवावं! मग एकेक वस्तू विचारत सुटले. छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, स्वयंपाकघरातला दिवा. किती वॅटचा, दिवसाला किती तास. शिवाय ऊन न पडणाऱ्या दिवसांसाठी साठा धरायचा. आई पटापट उत्तरं देत होती.

"झोपायच्या खोलीत?"

"दोन दिवे. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक."

"किती वेळ?"

"माझा अर्धा तास. दुसरा... चार तास धर."

आई अंथरुणाला पाठ टेकली की झोपते. उशाशी बँड वाजवला तरी कूस बदलत नाही. मग चार तास तो दिवा कुणासाठी? मी स्टुलावर चढले आणि दुसऱ्या दिव्यासाठी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

"अजून वर घे," आई म्हणाली.

"अगं, तुझा हात पुरणार नाही."

"माझा कशाला पुरायला हवा?"

एवढं बोलून गेली आणि घाईघाईने माझी पक्कड पुसायला लागली. पक्कड स्वच्छ होती.

मी स्टुलावरून उतरले. "कोण?"

"घड्याळवाले."

आमच्या इमारतीखाली घड्याळं दुरुस्त करणारे ते उंच, वाकून बोलणारे गृहस्थ. बाबा गेल्यापासून आईचं मनगटी घड्याळ इतक्या वेळा का बिघडत होतं, याचा मला आत्ता उलगडा झाला.

"तू नको म्हणालीस तर मी त्यांना तसं सांगेन आणि फ्लॅटवर परत जाईन," आई खाली बघत म्हणाली. "लोकांना सांगता येईल, वीज पुरली नाही म्हणून."

बाबांची आठवण आली आणि डोळे भरले, ते मी लपवले नाहीत. पण त्याहून जास्त राग आला. मला विचारायला ती घाबरली, माझी आई, मला!

"म्हणजे खापर माझ्या विजेवर फोडणार होतीस? माझी जोडणी कमी पडली म्हणून गावभर सांगणार होतीस? अब्रू काय राहिली असती माझी!"

हसावं की रडावं, आईला कळेना. मी पुन्हा स्टुलावर चढून खूण वीतभर वर सरकवली.

"आता दोन माणसांचा हिशोब करायला हवा," मी म्हटलं. "त्यांना फोन लाव आणि विचार, झोपताना पंखा लागतो का?"

"लागतो," फोनला हातही न लावता आई म्हणाली. "रात्रभर."

मग तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मी वरून बघत राहिले. या बाईने संसारभर पंखा बंद ठेवून झोपायचा हट्ट धरला होता आणि बाबा बिचारे घामाने निथळत झोपले होते.

"आणि तुला वारा सोसत नाही, त्याचं काय?"

"आता सोसतो," आई म्हणाली.

मी गाडीतलं तिसरं पॅनेल उतरवायला गेले.