सुपारीएवढी गाठ

होसेफा किनेनेचं डावं मनगट सातव्या वर्षापासून वाकडं होत गेलं. गुडघ्यांवर, नडगीवर हाडाच्या टणक गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, हा कर्करोग नाही, पोरीची वाढ थांबली की गाठीही थांबतील. तसंच झालं. पण तोवर एक हात आखूड राहिला होता आणि मालेसो गावातली पोरं तिला ‘गाठाळ’ म्हणू लागली होती. बाविसाव्या वर्षी ठरलेलं लग्न मुलाच्या आईने मोडलं. “त्यांच्या रक्तातच आहे ते,” असं ती चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाली. ग्वाम बेट केवढंसं; दुसरं स्थळ आलंच नाही.

धाकटा भाऊ रामोन मात्र सुटला, असं सगळे समजत. लहानपणी नदीत डुंबताना होसेफाने त्याच्या मांडीवरची गाठ पाहिली होती. “कुणाला सांगू नकोस, ताई,” तो म्हणाला, आणि तिने नाही सांगितलं. त्याचं लग्न थाटात झालं. क्लारिसा जन्मली.

क्लारिसा सात वर्षांची असताना, गावच्या संताच्या सणाला, समुद्रातून भिजून आली. होसेफा तिचे पाय पुसत होती. उजव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, सुपारीएवढं काहीतरी टणक बोटांना लागलं. 

रामोन मागच्या अंगणात कोंबडी भाजत होता.

“पोरीला डॉक्टरकडे ने,” ती म्हणाली. “मला आहे तेच तिलाही आहे.”

“खेळताना आपटली असेल.”

“आपटल्याची सूज उतरते, रामोन. हे हाड आहे. तुझ्याकडूनच आलंय.”

त्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून. मग आवाज न चढवता म्हणाला, “तुझं लग्न मोडलं म्हणून आता माझ्या पोरीला डाग लावतेस? पुन्हा तिला हात लावायचा नाही.”

होसेफा न जेवता निघाली आणि अकरा वर्षं भावाच्या घराची पायरी चढली नाही.

अठराव्या वर्षी क्लारिसा सैन्यात नाव नोंदवायला गेली. तपासणीत तिला उजवं पाऊल वर उचलता येईना. वर्षभर ती चप्पल फरफटत चालत होती. बाप तिला आळशी म्हणून ओरडायचा. वाढत गेलेल्या गाठीने शेजारची नस चेपली होती. गाठ कापून काढली, पण पाऊल लटकतं ते लटकतंच राहिलं.

होसेफा इस्पितळात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या.

“नस फार वर्षं दबलेली होती,” त्या म्हणाल्या. “घरात आणखी कुणाला आहे का?”

रामोनने बहिणीकडे बोट केलं. “हिला. फक्त हिला.”

“पँट वर कर, रामोन,” होसेफा म्हणाली.

तो हलला नाही. त्याची बायको खाली बघत राहिली. वीस वर्षांच्या संसारात तिला ती मांडी ठाऊक असणारच. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या बाहेर गेल्या.

“आत्या, तुला कधी कळलं?” क्लारिसाने विचारलं.

“तू सात वर्षांची होतीस. मी तुझ्या बापाला सांगितलं होतं.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“आणि मला?”

“तुझ्या बापाने मला...”

“शाळेत नर्स होती. चर्चमध्ये फादर होते. दर रविवारी तू माझ्या मागच्याच बाकावर बसायचीस, आत्या.”

कधीतरी आपलं म्हणणं खरं ठरेल, याची होसेफा अकरा वर्षं वाट बघत होती. रामोनचा पडलेला चेहरा कसा दिसेल, हेसुद्धा तिने मनात घोळवून ठेवलं होतं. पोरीच्या पावलाचा विचार त्यात कुठे होता, ते तिला आठवेना.

“आता सगळे जा,” क्लारिसा म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती आता पायाला प्लॅस्टिकचा आधार बांधून चालते आणि विमानतळावर भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीच्या खिडकीशी बसते. गावात सांगितलंय की मोटारीचा अपघात झाला. तसं सांगा, असं क्लारिसाच म्हणाली. तिचं अजून लग्न व्हायचंय. कुणी विचारलं, तर होसेफाही अपघातच सांगते.